रात्रीच्या वर्गाची ढाल

उतारवयात माणसाने कुणाच्या वाट्याला जावं आणि कुणाच्या जाऊ नये, याचा काही अंदाज असायला हवा. व्याह्यांच्या वाट्याला जाऊ नये, दातांच्या डॉक्टरांच्या जाऊ नये, आणि ज्या कपाटाची चावी हरवली आहे त्याच्या तर मुळीच जाऊ नये. मी एकाच महिन्यात या तिघांपैकी दोघांच्या वाट्याला गेलो. व्याही तेवढे सुटले, कारण ते परगावी होते.

सुरुवात अगदी साधी झाली. आमची शाळा शंभर वर्षांची होणार होती. 'आमची' म्हणताना मी जरा छाती पुढे काढतो आणि आमची ही लगेच विचारते, "तुमची कधीपासून?" तिचंही चूक नाही. मी त्या शाळेत शिकलो तेव्हा मला मिशा होत्या. मी रात्रीच्या वर्गाचा विद्यार्थी. पण दिवसा शिकलेल्यांची ती शाळा आणि रात्री शिकलेल्यांची मावशी, असं तर कुठे लिहिलेलं नाही ना?

आणि शाळाही साधीसुधी नाही. धान्याच्या जुन्या कोठारात सुरू झाली. पहिल्या वर्षी पोरं पोत्यांवर बसून शिकली. दगडी इमारत उभी राहिली ती गावातल्या घराघरातून आलेल्या पैशावर. आजही जुनी माणसं तिच्या भिंतीजवळून जाताना उगाच हात लावून जातात, आपल्या आजोबांचा दगड यात कुठला असेल ते बघत. एका वर्षी पुराचं पाणी खालच्या मजल्यावर शिरलं तेव्हा मास्तरांनी प्रयोगशाळा डोक्यावरून गच्चीत नेली आणि दुसऱ्या दिवशी गच्चीतच वर्ग भरवले. पोरं म्हणाली, सुट्टी मिळेल वाटलं होतं. मास्तर म्हणाले, पूर खाली आलाय, गणित वर आहे. या शाळेतून न्यायाधीश निघाले, हृदय उघडून परत शिवणारे डॉक्टर निघाले. आज सगळ्या गावाला पाणी सोडणारी मोठी इंजिनीअर आहे ना, तीही इथलीच. आमच्या नळाला पाणी आलं नाही की ही मला म्हणते, "तुमच्या शाळेला सांगा."

तर शंभर वर्षांनिमित्त एक ग्रंथ काढायचं ठरलं. 'शाळेचा इतिहास आणि यश'. संपादक कोण, तर आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे ऑडिटरसाहेब. यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून जिन्यावरचे दिवे तपासतात, कचऱ्याचे डबे तपासतात, आणि मी खाली उतरलो की माझी पिशवीही नजरेने तपासतात. माणूस वाईट नाही. फक्त पुराव्याशिवाय 'सुप्रभात'सुद्धा स्वीकारत नाही.

शाळेच्या सभागृहात माजी विद्यार्थ्यांची सभा भरली आणि साहेबांनी ग्रंथाचा मजकूर वाचून दाखवला. अभिमानाने ऊर भरून यावा असाच मजकूर होता. मी टाळ्या वाजवत होतो. पोत्यांचं झालं, पुराचं झालं, वादविवादाचे चषक झाले, मुलींच्या विज्ञान प्रदर्शनातल्या पदकाचं झालं. मग शेवटी शेवटी एक वाक्य आलं: "काही काळ प्रौढांसाठी रात्रीचा वर्गही चालविण्यात आला."

चालविण्यात आला! जशी एखादी हातगाडी चालविण्यात येते.

मी उठून उभा राहिलो. "साहेब, ढाल राहिली."

"कसली ढाल?"

"रस्सीखेचीची. रात्रीच्या वर्गाने दिवसाच्या शाळेला हरवून जिंकलेली."

सभागृहात जरा हशा पिकला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हिशेबात चूक सापडली की ते असंच करत असणार. म्हणाले, "मुकादम, त्या काळात मी याच शाळेत शेवटच्या वर्गात होतो. मला असं काही आठवत नाही."

"तुम्हाला आठवत नसेल. ढाल आहे."

"कुठे आहे?"

"शिक्षकांच्या खोलीतल्या मोठ्या कपाटात. हेडमास्तरांनी माझ्यादेखत नेली होती."

"मग दाखवा," साहेब म्हणाले. "महिनाअखेर मजकूर छापायला जाईल. तोवर ढाल दिसली तर ओळ घालू. ऐकीव गोष्टी मी छापत नाही."

ऐकीव! ज्या दोराने माझ्या कमरेवर वळ उठले होते, तो ऐकीव!

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडे काय आहे म्हणून विचारलं, तर तुमच्या काकांनी सांगितलं, एक ढाल आहे. मला वाटलं, नमुना म्हणून सांगतायत, पुढे घर-बीर असेल. ती ढाल मी अजून पाहिलेली नाही. एकदा बघू तरी द्या."

आता या ढालीचं मला एवढं काय, ते सांगायला हवं. आम्ही मालधक्क्यावर ओझी उचलणारे लोक. एकदा शाळेची नवी बाकडी आली. आम्ही ती उतरवून, वाहून, वर्गावर्गात लावली आणि पावतीवर अंगठे उठवायला हेडमास्तरांपुढे उभे राहिलो. त्यांनी शाईची डबी मिटली. म्हणाले, "शाळेच्या कागदावर अंगठा चालणार नाही. नाव लिहा, नाहीतर बाकडी परत घेऊन जा." आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाकडी परत वाहण्यापेक्षा अक्षरं हलकी वाटली. ती किती जड असतात ते नंतर कळलं. असा आमचा वर्ग सुरू झाला, आणि पावतीवरची नावं आम्ही पावसाळा संपता संपता लिहिली. तोवर हेडमास्तरांनी ती पावती तशीच ठेवली होती.

मग वार्षिक खेळ आले. रस्सीखेचीत आमच्या शाळेच्या मोठ्या मुलांनी आसपासच्या सगळ्या शाळा लोळवल्या होत्या. समोर उभं राहायला कुणी उरलं नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "रात्रीचा वर्गही याच शाळेचा आहे. तेही उतरतील." समोर पांढऱ्या बुटांतली पोरं, इकडे आम्ही अनवाणी. आमच्यात पुढे काटकुळा म्हणून लुकड्या, मधे ताडमाड म्हणून उंट, आणि सर्वांत मागे कमरेला दोर बांधून मी. एक खेच त्यांनी घेतली, एक आम्ही. तिसऱ्या खेचीत शिट्टी वाजली आणि आम्ही अख्खी रांग खुणेच्या रेघेपलीकडे ओढून आणली. लाकडी ढाल, वर पितळी पत्रा, आणि पत्र्यावर कोरलेलं: 'विजेते: रात्रीचा वर्ग'. पुस्तकाबाहेरचं एवढं मोठं मी पहिल्यांदाच बोट न फिरवता वाचलं होतं.

त्या रांगेतले बहुतेक गडी आता गेले. त्यांच्या घरी भिंतीवर पदवीचे कागद नाहीत, टोपी घातलेले फोटो नाहीत. शंभर वर्षांच्या त्या जाड ग्रंथात त्यांची एक ओळ यावी, एवढंच मला हवं होतं. आणि ऑडिटरसाहेबांचा चेहरा बघायचा होता. दोन्ही हेतू सारखेच पवित्र होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाई याच शाळेत शिकलेल्या, बोलायला मोजक्या. त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, "हे बघा तुमचं कपाट."

मी म्हटलं, "कुठे?"

"तुमच्यासमोर."

समोर भिंत होती. नीट बघितल्यावर लक्षात आलं की भिंतीचा काही भाग कपाट आहे. शाळा जेव्हा जेव्हा रंगवली, तेव्हा रंगाऱ्यांनी भिंत, कपाट, दारांच्या काचा आणि कुलूप असा भेदभाव केला नव्हता. सगळ्यांना एकाच मायेने पिवळा हात दिला होता. दारांच्या फटी रंगाने बुजल्या होत्या. कुलपाच्या भोकाच्या जागी एक गुळगुळीत पुटकुळी होती. आणि वर सगळ्या वर्गांचं वेळापत्रक चिकटवलेलं.

"चावी?" मी विचारलं.

"प्रत्येक मुख्याध्यापकाने पुढच्याला सांगितलं की चावी आधीच्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "मलाही तसंच सांगितलं गेलं. उघडा तुम्ही. मलाही त्या कपाटात थोडं काम आहे."

मी कुलूपवाला आणला. बाजारात त्याची मोठी कीर्ती होती. त्याने पुटकुळी खरवडली, आत तार घातली, डोळे मिटले, मान हलवली. गवई आलाप घेण्याआधी करतात तसं सगळं केलं. मग तार आत तुटली. त्याने दुसरी तार घालून पहिली काढायचा प्रयत्न केला. तीही तुटली. "आता आत माझा माल झाला," तो म्हणाला. "कुलूप फोडावं लागेल." मी म्हटलं, फोड. बाई म्हणाल्या, "थांबा. कुलूप फोडायचं तर वरच्या कार्यालयाची परवानगी लागते."

म्हणून मी वरच्या कार्यालयात गेलो. ते कार्यालय खरोखरच वर आहे. चार जिने चढल्यावर माणसाचा निम्मा विरोध मावळतो. तिथल्या कारकुनाने माझा अर्ज वाचला आणि परत सरकवला.

"कपाटात काय आहे ते लिहिलं नाहीत."

"ढाल आहे."

"आणखी?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू?"

"मग बघून या."

"बघायचं तर उघडावं लागेल."

"उघडायला परवानगी लागेल."

"अहो, तीच मागायला आलोय."

"देतो ना," कारकून प्रेमाने म्हणाला. "आत काय आहे तेवढं लिहा."

मी जिने उतरलो. उतरताना वाटलं, हेडमास्तरांनी आम्हाला लिहायला शिकवलं हे उत्तमच केलं, पण समोरच्याने काय लिहायला लावावं यालाही काही मर्यादा हवी होती.

एव्हाना आमच्या इमारतीत बातमी पसरली होती. सकाळी दूध आणायला उतरलो की जिन्यावर सल्ले उभे असायचे. एक म्हणाले, फटीत गोडेतेल सोडा. दुसरे म्हणाले, तेल नको, लाकूड फुगेल, गरम पाणी सोडा. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडे कपाट अडकलं की आम्ही सासूबाईंना हाक मारायचो. त्या दोन शब्द बोलल्या की उघडायचं." तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर तर आपली पेटी घेऊन माझ्याबरोबर शाळेत आले. छोटा आरसा आत घालून त्यांनी कुलूप बराच वेळ तपासलं आणि म्हणाले, "मूळ घट्ट आहे. आत दोन तारा दिसतात, त्या कुणी बसवल्या? काम फार हलक्या दर्जाचं आहे." मग सवयीने मला म्हणाले, "तुम्ही तोंड उघडा बरं." मी उघडलं. ते आत बघून चुकचुकले आणि त्यांनी शनिवारी यायला सांगितलं. कपाट बंदच राहिलं; उघडलं ते माझं तोंड.

रोज जिन्यात ऑडिटरसाहेब भेटायचे. बोलायचे काही नाहीत. नुसते भुवई उंचावून विचारायचे आणि मी नुसता मान फिरवून सांगायचो. एक दिवस मात्र बोलले. "मुकादम, माणसाच्या आठवणीत गोष्टी मोठ्या होत जातात. एखादी छोटी वाटी असेल. पेला असेल. तुम्हाला ढाल आठवते." मी त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे दुपारी नाही. रात्री हिने वाढलं तेव्हा अपमान जरा निवळला होता.

महिनाअखेर जवळ आली तेव्हा बाईंनीच मार्ग काढला. मोजकं बोलणारी माणसं उरलेला वेळ विचार करत असतात. त्या म्हणाल्या, "कुलूप फोडायला परवानगी लागते. पण कपाट भिंतीपासून हलवायला लागत नाही, आणि मागची फळी बदलणं ही दुरुस्ती झाली. दुरुस्ती माझ्या अधिकारात आहे. कपाट पुढे ओढा. मागून सुतार फळी काढेल."

"ओढायचं कशाने?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "खेळांच्या खोलीत दोर आहे."

दोर! मी लगेच लुकड्याकडे गेलो. लुकड्या आता एवढा सुटला आहे की नव्या माणसाला त्याचं नाव सांगताना संकोच वाटतो. तिथून उंटाकडे. त्याची पाठ वाकून उंची निम्मी झाली आहे. पण उंट तो उंटच. दोघांनाही म्हटलं, "ढाल आणायचीय."

उंटाने विचारलं, "कुणाशी आहे खेच?"

"कपाटाशी."

"वजन किती?" लुकड्याने विचारलं. धंद्यातला माणूस तो. सवयीने विचारून गेला. "आणि पायात काय घालायचं?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "तेव्हासारखं."

रविवारी सकाळी शिक्षकांची खोली रिकामी केली. टेबलं बाहेर काढली, खिडक्या उघडल्या. बाई आल्या, शाळेचा शिपाई आला, करवत घेऊन सुतार आला. संपादक या नात्याने पाहणी करायला ऑडिटरसाहेब आले आणि दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले. आणि ही आली, हातात पाठदुखीच्या मलमाची बाटली घेऊन. "ढालीचं काय व्हायचं ते होवो," म्हणाली, "मागच्या वेळी तुम्हाला चोळायला मी नव्हते."

सुताराने रंग भरलेल्या फटी कापून कपाट भिंतीपासून सुटं केलं. मी दोर कपाटाच्या कमरेला गुंडाळला, गाठ मारली, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. लुकड्या पुढे, उंट मधे, मी मागे. जमिनीला टाचा लावल्या आणि काय सांगू, पायांना सगळं आठवत होतं. फक्त गुडघ्यांना काही आठवत नव्हतं.

ओढलं. कपाट ढिम्म. शिपाई जोडीला आला. परत ओढलं. काहीतरी करकरलं, चौकशी केल्यावर ती लुकड्याची पाठ निघाली. सुतारानेही करवत ठेवून हात लावला. कपाट जरासं कण्हलं आणि परत बसलं.

"एक माणूस कमी पडतोय," उंट धापा टाकत म्हणाला.

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. साहेबांनी छताकडे बघितलं.

"भावजी," ही म्हणाली, "नुसतं उभं राहून कपाटाला लाज वाटायची नाही. लावा हात. तुमच्या हाडांना काय होतंय, आयुष्यभर पेनच उचललंय, अजून कोरी आहेत."

एवढ्या लोकांत एवढं ऐकल्यावर कुणालाही हात लावावाच लागतो. साहेबांनी कोट काढून खिडकीवर टाकला, बाह्या दुमडल्या आणि लुकड्याच्या पुढे येऊन दोर धरला. कसा धरला? मी मागून बघत होतो. नवखा माणूस दोर मुठीत धरतो. साहेबांनी तो काखेखालून घेतला, एक पाय पुढे तिरका रोवला आणि अंग मागे टाकलं. मी मनात म्हटलं, अरेच्चा.

बाईंनी खेळांच्या खोलीतली शिट्टी आणली होती. म्हणाल्या, "मी शिट्टी वाजवते. मग सगळे एकदम."

"वाजल्यावर!" साहेब ओरडले. मान वळवून त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं. चेहरा लाल झाला होता. "शिट्टी वाजल्यावर ओढायचं, आधी नाही! मागच्या वेळची लबाडी आज चालायची नाही, मुकादम!"

सुताराने माझ्याकडे बघितलं. शिपायाने साहेबांकडे. बाईंनी शिट्टी तोंडातून काढली.

"मागच्या वेळची म्हणजे?" त्यांनी विचारलं.

साहेबांच्या हातात दोर होता, त्यामुळे चष्मा पुसता येईना. मग जे काय वर्षानुवर्षं आत कोंडलं होतं ते बाहेर आलं. "तिसऱ्या खेचीला यांनी शिट्टीच्या आधी ओढलं! मी दुसरा होतो रांगेत. माझे बूट नवे होते. वडिलांनी त्याच आठवड्यात घेतले होते. उजव्याचा तळ निघून मैदानात राहिला. आम्ही सगळ्या शाळांना हरवलं होतं! आणि घरी गेल्यावर मला विचारलं, कुणाकडून हरलात, तर काय सांगू? ज्यांनी आमची बाकडी वाहिली त्यांच्याकडून?"

लुकड्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, तो तळ माझ्याकडे बरेच दिवस होता," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, कुणीतरी मागायला येईल."

"शिट्टी आधी वाजली होती," उंट जमिनीकडे बघत म्हणाला. "माझ्या कानात तरी वाजली होती."

"ते नंतर," बाई म्हणाल्या आणि शिट्टी वाजवली.

आता मी सांगतो, ती खेच काही औरच होती. साहेब रागाने ओढत होते, आम्ही आनंदाने. कपाट हललं, थरथरलं, हातभर पुढे आलं आणि मागच्या बाजूला खटकन खाली बसलं. त्या हादऱ्याने इतक्या वर्षांचा पिवळा रंग तडकला, वाकलेलं लाकूड सरळ झालं, कुलपाची जीभ खाचेतून सुटली आणि दोन्ही दारं आपली आपण उघडली. आम्ही सगळे एकावर एक मागे पडलो. सर्वांत खाली मी. पडल्या पडल्या मला दिसलं, कपाटातून शाळेची शंभर वर्षं बाहेर येत होती. वादविवादाचे चषक घरंगळत आले, बँडपथकाच्या काठ्या आल्या, मुलींचं ते विज्ञानाचं पदक फितीसकट आलं, धावण्याचे, लांब उडीचे पेले आले. एक पेला फिरत फिरत बाईंच्या पायाशी थांबला. त्यांनी तो उचलला, पदराने पुसला आणि छातीशी धरला. त्यांचं कपाटातलं काम काय होतं ते मला तेव्हा कळलं. मुलींच्या धावण्याच्या शर्यतीचा होता तो.

मग त्यांनी कुलपाकडे बघितलं. "फोडलं का कुणी?"

"नाही," सुतार म्हणाला.

"मग परवानगीचा प्रश्नच नाही."

मी उठून कपाटात डोकं घातलं. वरची फळी, मधली, खालची. सगळं होतं. ढाल नव्हती.

साहेब माझ्यामागे येऊन उभे होते. त्यांनी आता सर्वांसमोर कबूल केलं होतं, ओळ छापून येणार हे ठरलंच होतं; तरी मला रडू येईल असं वाटलं. त्या गड्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं ना. साहेबांनीही आत वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, "नीट बघा. मोठी होती ती. वाटी नव्हती."

तेवढ्यात भिंतीच्या बाजूने हिचा आवाज आला. "अहो, हे पाटासारखं काय आहे?"

कपाट जिथे उभं होतं तिथे फरशी खचलेली होती. त्या खळग्यात, कपाटाचा मागचा पाय जिथे टेकायचा बरोबर तिथे, धुळीत एक लाकडी फळी पडली होती. हिने ती उचलून उलटी केली. पाठीवर मधोमध पायाचा चौकोनी ठसा उमटला होता आणि पुढचं पितळ काळं पडलं होतं. हिने मलमाच्या बाटलीवरचं फडकं फिरवलं.

'विजेते: रात्रीचा वर्ग.'

कपाट डुगडुगू नये म्हणून ती तिथे कुणी घातली, हे शाळेच्या इतिहासात कुठेच लिहिलेलं नाही. बाई ढालीकडे बघत राहिल्या, मग जमिनीवर विखुरलेल्या चषकांकडे. "म्हणजे इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, "शाळेचे सगळे चषक हिच्यावर उभे होते."

एवढं हळवं वाक्य त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. उंटाने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून सांगितलं. ढाल सगळ्यांच्या हातातून फिरली. साहेबांच्या हाती आली तेव्हा त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ परत दिली नाही.

"काय हो," ही मला म्हणाली, "काकांनी खरंच सांगितलं होतं तर."

ग्रंथ निघाला. जाड आहे, देखणा आहे, उघडला की नव्या शाईचा वास येतो. त्यात आमचं अख्खं पान आहे. ढालीचा फोटो आहे, रांगेतल्या सगळ्या गड्यांची नावं आहेत. तळाला मात्र बारीक अक्षरांत संपादकांनी टीप घातली आहे: 'तिसऱ्या खेचीतील शिट्टीच्या वेळेबाबत दोन मते आहेत.' मी जिन्यात साहेबांना भेटलो की म्हणतो, "नंतर ओढलं." ते म्हणतात, "आधी." मग आम्ही एकमेकांची पिशवी बघतो आणि आपापल्या दारात शिरतो.

ढाल आता कपाटात आहे, सर्वांत वरच्या फळीवर, पुसलेल्या काचेमागे. फक्त कपाट डुगडुगतं. शिक्षकांच्या खोलीत कुणी जरा जोरात चाललं तरी आतले चषक किणकिणतात. बाई म्हणाल्या, "पायाखाली घालायला सुताराकडून एक ठोकळा करून घेते."

मी म्हटलं, "राहू द्या, बाई. नवीन कुणी आलं की विचारेल, हे का डुगडुगतं. मग त्याला सांगता येईल."

त्यांनी ठोकळा अजून करून घेतलेला नाही.